पडद्यावरील पुतळा आणि त्यातील हाडे : डिजिटल मूर्तिशिल्पासाठी मानवी शरीररचनेचे अध्ययन

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांत अ‍ॅनिमेशन, मल्टिमीडिया आणि दृश्यपरिणाम हे विषय शिकवले जाऊ लागल्याला आता बराच काळ लोटला आहे. संगणकाच्या पडद्यावर मानवाकृती घडवणे, म्हणजेच डिजिटल शिल्प, हा या विषयांचा एक महत्त्वाचा भाग होय. झेडब्रश ही संगणकप्रणाली १९९९ साली जाहीर झाली. ब्लेंडर ही प्रणाली २००२ साली मुक्तस्रोत झाली आणि पुढे तीमध्येही शिल्पकामाची साधने आली. त्यामुळे कुर्ल्याच्या चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही माती, प्लास्टर आणि कार्यशाळेची जागा यांवाचून पुतळा घडवता येतो. मुंबईसारख्या शहरात, जिथे जागेइतके महाग काही नाही, तिथे ही सोय लहान म्हणता येणार नाही.

असे असूनही विद्यार्थ्यांनी घडवलेल्या आकृती पाहताना एक उणीव सतत जाणवते. त्वचेवरील रंध्रे, सुरकुत्या, शिरा यांचे काम थक्क करणारे असते. मात्र तो देह उभा राहील, हात वर करील किंवा खाली बसेल असे वाटत नाही. ही उणीव संगणकाच्या कौशल्याची नसून शरीररचनेच्या ज्ञानाची आहे. हे ज्ञान पूर्वी कोणत्या मार्गाने मिळत होते, तो मार्ग डिजिटल माध्यमात का बंद झाला आणि महाविद्यालयीन अध्यापनात त्याची भरपाई कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मातीने न सांगता शिकवलेले

कुर्ला स्थानकापासून सुमारे १५ किलोमीटरवर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, १८५७ साली स्थापन झालेले सर ज. जी. कला विद्यालय आहे. महाराष्ट्रातील वास्तववादी शिल्पकलेची परंपरा मुख्यतः याच संस्थेतून उदयास आली. गणपतराव म्हात्रे यांनी तेथे शिकत असतानाच १८९६च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ हे प्लास्टरमधील शिल्प घडवले. नऊवारी नेसलेल्या त्या तरुणीचा देह वस्त्राने झाकलेला आहे. पण वस्त्राची प्रत्येक चुणी कटी, मांडी वा गुडघा यांपैकी कशावर तरी टेकून सुटलेली दिसते. झाकलेला देह नेमका ठाऊक असल्यावाचून असे वस्त्र घडत नाही. त्या काळी विद्यालयात अभ्यासासाठी मुख्यतः ग्रीक व रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती होत्या. जिवंत मॉडेल समोर ठेवून नग्नदेहाचा अभ्यास करण्याचा वर्ग पुढे, विसाव्या शतकात, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत सुरू झाला.

या शिक्षणात पाहण्याइतकाच वाटा मातीचा होता, ही गोष्ट सहसा नोंदली जात नाही. मातीचा पूर्णाकृती पुतळा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. त्याच्या आत लोखंडी सळई, तार व लाकूड यांचा सांगाडा, म्हणजे आर्मेचर, आधी उभारावा लागतो. हा सांगाडा उभारताना खांदे कोणत्या उंचीवर, कटी किती झुकलेली, गुडघा कुठे मोडतो, हे सारे निर्णय मातीचा पहिला गोळा लावण्यापूर्वीच घ्यावे लागतात. तार चुकीच्या जागी वाकवली तर ती दुसऱ्या दिवशी मांडीतून बाहेर डोकावते. भाराची रेषा चुकली तर पुतळा कलतो. माती ही अशी कठोर शिक्षिका होती. तिच्या वर्गात शरीररचनेचा तास वेगळा लावावा लागत नसे.

पडद्यावर यांतले काहीच घडत नाही. तिथे गुरुत्वाकर्षण नाही. एक गोल घेऊन त्यातून मान ओढावी, हात ओढावेत, आकृती हवेत तरंगत राहते. डावी बाजू घडवली की उजवी आपोआप तशीच घडते. चूक झाली तर एका कळीने मागे जाता येते. या सोयींविषयी तक्रार करणे अनाठायी ठरेल. त्यांच्यामुळेच हे माध्यम वेगवान झाले आहे. परंतु आर्मेचर गेले, तेव्हा त्याच्याबरोबर हाडांचा विचारही गेला. म्हणून पूर्वी साधन जे अबोलपणे शिकवी, ते आता शिक्षकाने जाणीवपूर्वक शिकवणे प्राप्त आहे.

हाडांपासून आरंभ

शरीररचना शिकायची म्हटली की विद्यार्थी स्नायूंची नावे पाठ करू लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे. प्रौढ मानवी शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी शिल्पकाराच्या उपयोगाची स्थाने फार थोडी आहेत, आणि ती म्हणजे जिथे हाड थेट त्वचेखाली येते ती. गळ्याची खळगी, गळ्याखालचे आडवे हाड म्हणजे जत्रुक, खांद्याच्या पात्याची कड, कोपराचे टोक, कटीची पुढील दोन टोके, गुडघ्याची वाटी, नडगीचा आतील सपाट भाग आणि घोटे ही ती स्थाने होत. व्यक्ती कृश असो वा स्थूल, ही स्थाने आपली जागा सोडत नाहीत. स्थूल देहात टेकाडाची खळी होते, एवढाच फरक. ही स्थाने आधी निश्चित केली आणि त्यांच्यामध्ये कवटी, छातीचा पिंजरा व श्रोणी हे तीन घन आकार परस्परांशी योग्य कोनात बसवले, की आकृतीचे निम्मे काम झाले असे समजावे.

भार कोठे आहे, हे पाहण्यासाठी गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे. एका पायावर भार देऊन सहज उभ्या असलेल्या व्यक्तीच्या गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. त्या बाजूची कटी वर जाते आणि खांदा बहुधा खाली येतो. डावी-उजवी बाजू आपोआप सारखी ठेवणाऱ्या प्रणालीत आकृती घडवणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट कधी दिसतच नाही, कारण त्याचा पुतळा शेवटपर्यंत कवाईतीत उभा असतो.

खांद्याचे उदाहरण

स्नायूंकडे वळताना प्रत्येक स्नायूविषयी तीन प्रश्न विचारावेत : तो कोठून निघतो, कोठे जुळतो आणि आखडल्यावर काय हलवतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण खांदा होय. कुर्ल्याहून सुटणाऱ्या कोणत्याही लोकलमध्ये ते डोळ्यांसमोर असते. वरची कडी धरून उभ्या असलेल्या प्रवाशाचा हात पूर्ण वर गेलेला असतो. हा १८० अंशांचा प्रवास एकट्या खांद्याच्या सांध्यात होत नाही. ढोबळमानाने त्यातील १२० अंश दंडाचे हाड आपल्या खोबणीत फिरते आणि उरलेले ६० अंश खांद्याचे पातेच पाठीवर सरकून फिरते. पाते धडाला हाडाने जोडलेले नसून स्नायूंनी लटकवलेले आहे. हात आणि धड यांच्यामधला एकमेव अस्थिबंध जत्रुकाचा, तोही छातीच्या मधोमध. म्हणून हात वर गेला की जत्रुकाचे बाहेरचे टोक वर उचलले जाते, पात्याचे खालचे टोक काखेकडे पुढे येते, छातीचा स्नायू ताणला जाऊन सपाट होतो आणि काखेत दोन भिंतींमधली खोल पोकळी दिसू लागते.

विद्यार्थ्याच्या पुतळ्यात बहुधा खांदा जागच्या जागी राहून हात तेवढा वर गेलेला असतो, बाहुलीच्या हातासारखा. पुढे अशा आकृतीला अ‍ॅनिमेशनसाठी हालचाल दिली की खांद्यापाशी पृष्ठभाग चुरगळतो आणि दोष संगणकाला दिला जातो.

कोपराखालचा हातही असाच शिकवावा. तळहात पालथा करताना रेडियस हे हाड अल्नावरून ओलांडून जाते; अल्ना जवळजवळ जागीच राहते. मनगटाजवळ हाताचा छेद रुंद व चपटा असतो, कोपराजवळ तो भरीव होतो. असे आडवे छेद पाहण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पाची सामग्री अभ्यासकांना उपलब्ध आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पुरुषदेहाच्या संचात १ मिलिमीटर अंतराने घेतलेले १८७१ छेद आहेत.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. मुंबईतील विद्यार्थी उत्साहाने घडवतो ती आकृती म्हणजे गणपती, आणि गणपतीला चार हात. मागच्या दोन हातांची पाती कोठे बसवायची? मातीच्या मूर्तीत हा प्रश्न बाजूबंद, उपरणे आणि पुढचा खांदा यांच्या आडोशाने सोडवता येतो, कारण मूर्ती मुख्यतः समोरून पाहिली जाते. पडद्यावरची मूर्ती सर्व बाजूंनी फिरते. आडोसा उरत नाही. दोन पाती एकाखाली एक बसवली तर धड लांबते आणि मूर्तीचा बुटका, भरीव डौल जातो. एकाच खांद्यामागे दुसरा सांधा कल्पिणे त्यातल्या त्यात बरे. या प्रश्नाला शरीरशास्त्रात उत्तर नाही. परंतु शरीरशास्त्र ठाऊक असलेलाच तो नीट मांडू शकतो.

ताल आणि डोके

प्रमाणांच्या बाबतीत विद्यार्थी पाश्चात्त्य पुस्तकांतील साडेसात डोक्यांचे माप प्रमाण मानतात. आपल्याकडील तालमानात मात्र उत्तम पुरुषाची उंची नऊ ताल, म्हणजे १०८ अंगुले सांगितली आहे. वरवर पाहता हा मोठा विरोध वाटतो. पण ताल हे केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतच्या चेहऱ्याचे माप आहे, संपूर्ण डोक्याचे नव्हे. नवतालाच्या प्रचलित विभागणीत चेहरा १२, मान ४, तेथून छाती १२, नाभीपर्यंत १२, जननेंद्रियापर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४ व पाऊल ४ अंगुले येते. बेरीज केली असता जननेंद्रियाच्या वर ५२ आणि खाली ५६ अंगुले भरतात. देहाचा मध्य श्रोणीच्या तळाशी असतो, या आजच्या निरीक्षणाशी हे बऱ्यापैकी जुळते. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्र तर हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे १०८ पासून ९० अंगुलांपर्यंतचे पाच पुरुषप्रकार सांगते. म्हणजे एकच आदर्श देह नाही, ही जाणीव त्या परंपरेत होती.

आज या जाणिवेची गरज अधिक आहे. प्रणालींबरोबर मिळणारा तयार देह बहुधा व्यायामपटू, तरुण आणि युरोपीय ठेवणीचा असतो. त्यावरच नाक-डोळे बदलून विद्यार्थी हमाल, कोळीण किंवा आजोबा घडवतात. उकिडवे बसण्याच्या सवयीने घोट्याच्या हाडांवर सांध्याची लहान अधिक पृष्ठे तयार होतात, हे अस्थितज्ज्ञांना ठाऊक आहे. सवय हाडापर्यंत पोहोचत असेल, तर ती पाठीच्या बाकात आणि पोटऱ्यांत दिसणारच.

अध्यापनाची व्यवस्था

यासाठी फार खर्चाची आवश्यकता नाही. १९४९च्या अ‍ॅनाटॉमी कायद्यानुसार शवविच्छेदनासाठी मृतदेह वैद्यकीय व तत्सम अध्यापन संस्थांनाच मिळतात. शिल्पाच्या विद्यार्थ्याला त्याची निकडही नाही. त्याला हाडे हाताळायला हवीत. अनेक विज्ञान महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागात काचेच्या कपाटात मानवी सांगाडा किंवा त्याची प्रतिकृती उभी असते, आणि त्याच इमारतीत एक मजला खाली मल्टिमीडियाचे विद्यार्थी इंटरनेटवरील चित्रावरून बरगड्या मोजत असतात. दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी आठवड्याचा एक तास एकत्र घेतला तरी बरेच साधेल. कुर्ल्याच्या पुढचेच स्थानक शीव. तेथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेतील शरीररचनाशास्त्राच्या अध्यापकाला व्याख्यानासाठी बोलावणेही अवघड नसावे.

मूल्यमापनातही बदल करावा लागेल. केवळ अंतिम चित्र पाहून गुण देण्याऐवजी विद्यार्थ्याला त्याच्याच पुतळ्याच्या आत सांगाडा बसवून दाखवायला सांगावे. हाड त्वचेबाहेर आले की चूक कोठे आहे हे निराळे सांगावे लागत नाही. मातीच्या वर्गात वाकडी तार हेच काम करीत होती.

शिवाय, पडद्यावरचा पुतळा आता पडद्यावरच राहत नाही. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले आणि ज. जी. मध्ये शिकलेले राम सुतार यांनी घडवलेल्या सरदार पटेलांच्या प्रतिकृतीवरून संगणकीय त्रिमितीय आराखडा करून १८२ मीटर उंचीचा पुतळा उभारला गेला. २०१८ साली त्याचे अनावरण झाले. चालण्याच्या पवित्र्यामुळे दोन पावलांत सुमारे ६.४ मीटरचे अंतर पडले आणि धोतराखाली निमुळत्या होत जाणाऱ्या पायांवर सारा भार आला. वाऱ्याचा जोर पेलण्यासाठी अभियंत्यांना आतमध्ये काँक्रीटचे दोन मनोरे उभारावे लागले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्रिमितीय छपाईयंत्रातून निघालेली एक वीतभर आकृतीही टेबलावर ठेवताच हाच प्रश्न विचारते. पावले आणि ओळंबा जुळले नसतील, तर ती आडवी पडते.