व्हॉल्व्ह लाल का होतो?

गिटारची तार छेडलेली नसली, तरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर व्हॉल्व्हमधून थोडा प्रवाह वाहतच असतो. तो किती असावा हे ठरवतो बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या ग्रिडला दिलेला ऋण व्होल्टेज. स्कूटरचं आयडलिंग जुळवण्यातलाच हा प्रकार. ऋण व्होल्टेज जास्त झाला, की प्रवाह आटतो आणि आवाज कोरडा, खरखरीत येतो. कमी झाला, की आतली प्लेट तापून लालबुंद दिसते. अशा वेळी आधी स्विच बंद करावा, कारणं मग शोधावीत.

मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्रास दिसणारा ईएल-३४ व्हॉल्व्ह घ्या. त्याची प्लेट २५ वॅट उष्णता सोसते. कारागीर साधारण ७० टक्क्यांवर, म्हणजे १७.५ वॅटवर थांबतात. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर हिशेब येतो सुमारे ३९ मिलिअँपिअर. कॅथोडला मोजमापासाठी १ ओहमचा रेझिस्टर असेल, तर मीटरवर ३९ मिलिव्होल्ट दिसेपर्यंत बायसचा प्रीसेट अगदी हळू फिरवायचा. यात स्क्रीन ग्रिडचा प्रवाहही मिसळलेला असतो, पण ती चूक सुरक्षित बाजूची. शेवटचा निकाल मात्र कानानेच द्यावा.

व्हॉक्स एसी-३० अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांना ही कटकट नाही. तिथे कॅथोडचा रेझिस्टरच बायस सांभाळतो. आणि हो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज टिकून राहू शकतो. तो उतरल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये.