गावाची नोंद आणि जनगणना

सातपुड्याच्या दक्षिणेस, विदर्भाच्या सीमेलगत पांढुर्णा व सौंसर या तहसिली आहेत. पांढुर्णा नागपूर–इटारसी लोहमार्गावर, तर सौंसर नागपूर–छिंदवाडा मार्गावर वसले आहे. २०११ च्या जनगणनेत येथील गावांची नोंद छिंदवाडा जिल्ह्यात झाली होती. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व दोन्ही तहसिली त्यात समाविष्ट झाल्या. म्हणून जुने आकडे पाहताना ते छिंदवाडा जिल्ह्याच्या नावाखाली शोधावे लागतात.

जनगणनेत गाव म्हणजे महसुली मौजा होय. त्यातील टोल्यांची लोकसंख्या मूळ गावातच धरली जाते. वस्ती उठून गेलेल्या रिठी गावाचीही नोंद कायम राहते. मात्र लोकसंख्या शून्य दाखविली जाते.

या आकड्यांवर गावाच्या सोयी अवलंबून असतात. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाट प्रदेशात ५,०००, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष आहे.

आगामी जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरविण्यात आली आहे. मातृभाषा म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती भाषा. शाळेतील वा कचेरीतील नव्हे. ज्यांची मातृभाषा मराठी, त्यांनी ती मराठीच सांगावी आणि प्रगणकाने सांगितली तशीच लिहावी. शिक्षक व सरपंचांनी ही बाब घरोघरी समजावून देणे अगत्याचे आहे.