चित्रालेखाचे वाचन : शहापूर-मुरबाडच्या प्राथमिक वर्गांच्या संदर्भात

प्राथमिक शाळेच्या गणितात चित्रालेखाला जे स्थान मिळाले आहे, त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे. चित्र सर्वांना समजते, म्हणून चित्रांनी मांडलेली संख्याही सर्वांना आपोआप समजेल, असे ते गृहीत होय. हे कितपत खरे आहे याचा विचार शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात विशेष अगत्याचा ठरतो. येथील पाड्यांवरील पुष्कळ मुलांची घरची बोली कातकरी, ठाकरी वा वारली असते, आणि शाळेतील प्रमाण मराठी त्यांना नव्यानेच शिकावयाची असते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात या बोलींची नोंद आहे.

आधुनिक चित्रालेखाचे शास्त्र घडविले ते ऑटो नॉयराट यांनी. 1925 साली व्हिएन्ना येथे स्थापन झालेल्या त्यांच्या संग्रहालयात, मारी रायडेमायस्टर व गेर्ड आर्न्ट्‌झ यांच्या साहाय्याने, जी पद्धती विकसित झाली तिला पुढे 'आयसोटाइप' हे नाव मिळाले. तिचा मुख्य नियम असा की, मोठी संख्या मोठ्या चित्राने न दाखविता अधिक चित्रांनी दाखवावी. मात्र ही चित्रभाषा शब्दभाषेची जागा घेणारी नसून तिला साहाय्य करणारी आहे, हे नॉयराट यांनीही मान्य केले होते. वर्गात नेमका याचाच विसर पडतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तानसा व भातसा हे मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय शहापूर तालुक्यात असले, तरी त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा एका सकाळी चार घरांनी विहिरीवरून किती हंडे पाणी आणले, हा मुलांच्या परिचयाचा विषय होय. समजा, पहिल्या घराने 6, दुसऱ्याने 7, तिसऱ्याने 4 हंडे आणले आणि चौथ्याची काहीच नोंद नाही.

पहिली पायरी वस्तूंची. प्रत्येक हंड्यामागे एक चिंचोका जमिनीवर आखलेल्या चौकटीत ठेवावयाचा. चौकटी समान हव्यात. मूल विरळ मांडलेल्या ओळीला दाट मांडलेल्या ओळीपेक्षा मोठी समजते, हे प्याजे यांनी 1941 सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. चिंचोक्याच्या जागी हंड्याचे चित्र आले म्हणजे दुसरी पायरी झाली. येथवर एक चित्र म्हणजे एक हंडा. चित्र व वस्तू यांचे नाते सादृश्याचे असते.

तिसऱ्या पायरीवर 'एक चित्र म्हणजे 2 हंडे' असे प्रमाण येते आणि चिन्हाचे स्वरूपच पालटते. आता सादृश्य पुरेसे नाही. संकेत मान्य करावा लागतो. ही कल्पना मुलांना सर्वस्वी परकी नसते. भाजीची जुडी ही एक असून अनेक काड्यांची असते. भाताचा भारा हा एक असून अनेक पेंढ्यांचा असतो. प्रमाण शिकविताना या शब्दांपासून आरंभ केल्यास संकेताला अनुभवाचा आधार मिळतो.

खरी अडचण दुसऱ्या घराच्या 7 हंड्यांशी येते. तेथे साडेतीन चित्रे काढावी लागतात. आणि अर्धे चित्र पाहून मूल 'अर्धा हंडा' असे वाचते. वस्तुतः ते अर्धे चित्र एका भरलेल्या हंड्याचे निदर्शक असते. मुलाची ही चूक अज्ञानाची नव्हे. ते चित्र चित्राप्रमाणेच वाचीत असते. म्हणून आरंभी हंड्याऐवजी टिकली वा चौकोन यांसारखे तटस्थ चिन्ह योजणे इष्ट. अपूर्णांकांच्या बाबतीत मराठीपाशी मोठे धन आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे स्वतंत्र शब्द आणि निमकीपासून औटकीपर्यंतचे जुने पाढे अर्ध्या-पाव चित्रांच्या वाचनाला फार उपयोगी पडतील.

आलेख काढणे आणि आलेख वाचणे यांतही अंतर आहे. 'पहिल्या घरापेक्षा दुसऱ्या घरी किती हंडे जास्त?' या प्रश्नाला पुष्कळदा 'सात' असे उत्तर येते. 'कुठे जास्त?' एवढाच प्रश्न मुलाने ऐकलेला असतो. 'पेक्षा' आणि 'किती जास्त' यांनी सुचविलेला फरक त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. शिवाय फरक अर्ध्या चित्राचा आणि उत्तर मात्र एका हंड्याचे. ही अडचण वाक्यार्थाची आहे. ती चित्रांची संख्या वाढवून दूर होणार नाही. जोडीजोडीने चिंचोके जुळवून, उरलेल्या चिंचोक्यावर बोट ठेवून, प्रथम मुलाच्या बोलीत व नंतर प्रमाण मराठीत ते वाक्य म्हणवून घ्यावे लागते.

शेवटी चौथे घर. तेथील रिकामी ओळ मुले बहुधा गाळूनच टाकतात. परंतु रिकाम्या ओळीचे अर्थ एकाहून अधिक असतात: घरी माणसे असूनही पाणी आणले नाही, त्या घरी विचारलेच नाही, किंवा घराला कुलूप आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात; त्यांच्याबरोबर शाळेतील मुलेही जातात. शून्य आणि नोंदीचा अभाव यांतील भेद या उदाहरणाइतक्या स्पष्टपणे क्वचितच शिकविता येईल. शून्य असेल तेथे '0' लिहावा, नोंद नसेल तेथे तसे शब्दांत लिहावे, आणि ओळ मात्र कधीही पुसू नये.

हाच नियम वर्गाच्या मासिक उपस्थितीच्या चित्रालेखालाही लागू पडतो. गेलेल्या मुलांची नावे गाळली तर आलेख भरगच्च दिसेल, पण तो खोटे सांगेल. आलेखात काय दिसते याइतकेच काय दिसत नाही हे विचारण्याची सवय या वयात लागली, तर त्या छोट्या पाठाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.