कडब्याच्या पेंढ्या न मोजता मोजा

आमच्या हिवरा आश्रमला मी बाबांसोबत कडबा रचतो. तळाला १० पेंढ्या, त्यावर ९, मग ८, असे करत शेंड्याला १. घेणारा नुसते बघून म्हणतो, "पन्नासेक असतील." कडबा शेकड्याने विकतात, म्हणून हिशेब पक्का पाहिजे ना! एकेक पेंढी कोण मोजणार? तेवढीच दुसरी रास मनातच उलटी करून शेजारी लावा. आता दर ओळीत ११, ओळी १०. झाल्या ११०. निम्म्या ५५. पाच पेंढ्या वाचल्या!

५५ ही त्रिकोणी संख्या. देवळालीला शिक्षक असलेले गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तिची आणखी गंमत दाखवली. ५५ × ५५ = ३०२५, आणि ३० + २५ = ५५! तळाला ९ पेंढ्या ठेवल्या तर एकूण ४५. तिचेही करून बघा.