मुसाफिराची ओळख ही अमानत आहे

गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन. कापडाच्या व्यापारासाठी फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना स्टेशनजवळचे लॉज चांगले ठाऊक असतात. रात्री गाडीतून उतरावे, तर काउंटरवर जाड रजिस्टर पुढे येते. वर आधार कार्डाची झेरॉक्स हवी, आणि दुकाने बंद!

नोंद टाळता येत नाही. १८६७ च्या सराय कायद्यानेही दंडाधिकाऱ्यांना मुसाफिरांची माहिती मागवता येते. पद्धत मात्र बदलता येते. आधारवरील क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता व फोटो असतो आणि त्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. प्राधिकरणाच्या अ‍ॅपने कोड वाचला की कार्डात फेरफार केला असल्यास उघड होते. पूर्ण आधार क्रमांक त्यात नसतो, शेवटचे चारच आकडे असतात.

फायदा दोघांचाही. मुसाफिराला किल्ली लवकर मिळते, मालकाची नोंद बिनचूक होते. ज्याला इथे आराम मिळाला, तो पुढच्या फेरीत इथेच उतरतो. कमाई अशीच वाढते.

पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. तपासणी सर्वांची सारखी व्हावी. कार्डावरचे नाव वाचून ‘खोली शिल्लक नाही’ म्हणणे हा व्यापार नव्हे. आणि माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो. झेरॉक्सचे गठ्ठे रद्दीत विकणाऱ्यांनी विचार करावा. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वस्तू अमानत असते. अमानत सांभाळणाऱ्याच्याच धंद्यात बरकत असते.