गवळाऊ गाईंमधील माज कसा ओळखावा?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हे तालुके गवळाऊ गोवंशाचे माहेरघर आहेत. पांढऱ्या ते फिकट राखाडी रंगाची, हलक्या बांध्याची ही चपळ गाय विदर्भाच्या उन्हात टिकते आणि तिचे गोऱ्हे शेतीकामाला चांगले असतात. मात्र "गाय माजावरच येत नाही" किंवा "दोनदा भरवली, तरी उलटली" अशी तक्रार अनेक पशुपालक करतात. बऱ्याच वेळा गाय माजावर आलेली असते, पण तो माज कोणाच्या लक्षात आलेला नसतो.

एका माजाची किंमत

गाईचा गाभण काळ साधारण 285 दिवसांचा असतो. वर्षाला एक वासरू हवे असेल, तर व्याल्यानंतर सुमारे 80 दिवसांत गाय गाभण राहिली पाहिजे. गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी व्याल्यानंतर 40 ते 45 दिवस लागतात, त्यामुळे 60 दिवसांनंतर गाय भरविणे योग्य ठरते. म्हणजे हातात उरतात फक्त 20 दिवस, आणि तेवढ्यात माज येतो एकदाच. तो हुकला की 21 दिवस थांबावे लागते. तीन माज हुकले, तर 63 दिवस गाय चारा खाते, पण पुढचे वेत लांबते.

गवळाऊच्या बाबतीत आणखी एक नुकसान होते. आखरावरून कळपात चरायला गेलेल्या गाईचा माज मालकाला कळला नाही, तर कोणताही मोकाट गोऱ्हा तिला फळवितो आणि पुढच्या पिढीत शुद्ध वंश उरत नाही.

शरीरात काय घडते?

माजाचे चक्र सरासरी 21 दिवसांचे (18 ते 24 दिवस) असते. त्यामागे संप्रेरकांचा ठरलेला क्रम आहे.

• मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकामुळे बीजांडावर बीजपुटिका वाढू लागते.
• वाढत्या बीजपुटिकेतून इस्ट्रोजेन स्रवते. गाय बेचैन होणे, हंबरणे, सोट टाकणे ही लक्षणे यामुळेच दिसतात.
• इस्ट्रोजेन वाढले की पियुषिका ग्रंथीतून ल्युटिनायझिंग संप्रेरक एकदम सुटते. त्यामुळे बीजपुटिका फुटून स्त्रीबीज बाहेर पडते.
• फुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातील प्रोजेस्टेरॉन गर्भ टिकवते आणि नवा माज रोखून धरते.
• गर्भ राहिला नाही, तर साधारण 16 ते 18 व्या दिवशी गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन स्रवते, पीतपिंड विरघळतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

माजाची लक्षणे

सुरुवातीचा माज : गाय बेचैन होते, वारंवार हंबरते, थोडी थोडी लघवी करते, खाणे व दूध कमी होते. ती दुसऱ्या गाईंवर उडते, पण स्वतःवर उडू देत नाही.

पक्का माज : दुसरे जनावर अंगावर उडाले तरी गाय स्थिर उभी राहते. हे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे. निरण सुजून लालसर होते. काचेसारखा पारदर्शक, चिकट सोट लोंबतो. तो शेपटीला आणि मांड्यांना चिकटलेला दिसतो.

माज संपल्यानंतर : गाय शांत होते. एक ते तीन दिवसांत काही गाई, विशेषतः कालवडी, रक्तमिश्रित सोट टाकतात. अशा वेळी गाय भरवू नये, कारण माज होऊन गेलेला असतो. तारीख मात्र जरूर लिहावी. पुढचा माज त्यानंतर साधारण 19 दिवसांनी अपेक्षित असतो.

देशी गाईंचा माज संकरित गाईंपेक्षा सौम्य आणि कमी वेळ, बहुधा 10 ते 12 तास टिकतो. तो अनेकदा रात्री किंवा पहाटे येतो. म्हणून दुपारी एकदा गोठ्यात डोकावून तो सापडत नाही.

निरीक्षण कसे करावे?

• पहाटे आणि रात्री, प्रत्येकी 20 ते 30 मिनिटे गाईंकडे शांतपणे पाहावे. धार काढण्याच्या घाईत केलेले निरीक्षण पुरेसे नसते.
• बांधलेल्या गाईवर दुसरे जनावर उडू शकत नाही. अशी गाय सकाळी बसलेली असताना तिच्या मागची जमीन, शेपटी व मांड्या पाहाव्यात.
• गाई चरायला जात असतील, तर गायकीला रोज संध्याकाळी विचारावे. कोणती गाय कोणावर उडत होती, हे त्याने पाहिलेले असते.
• गोठ्यात दिनदर्शिका टांगून प्रत्येक माजाची तारीख लिहावी. उदा. 5 ऑगस्टला माज दिसला, तर 23 ते 29 ऑगस्टदरम्यान त्या गाईवर विशेष लक्ष ठेवावे.

रेतनाची योग्य वेळ

स्त्रीबीज माज संपल्यानंतर 10 ते 14 तासांनी सुटते आणि थोडेच तास फलनक्षम राहते. म्हणून सकाळी माज दिसल्यास त्याच दिवशी संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. वंश टिकवायचा असेल, तर गवळाऊ वळूच्या रेतमात्रेची मागणी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच नोंदवावी. माजाची तारीख माहीत असेल, तरच हे जमते.

गाय 21 दिवसांनी उलटली नाही, म्हणजे गाभणच आहे असे धरून चालू नये. 60 ते 90 दिवसांत पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी.

माज दिसतच नसेल तर

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा माज आणखी मुका होतो. सावली, थंड पाणी आणि पहाटेची चराई उपयोगी पडते. नुसत्या कुटारावर किंवा कडब्यावर ठेवलेल्या गाईची शरीरस्थिती घसरते आणि बीजांडाचे काम मंदावते. हिरवा चारा, सरकी ढेप आणि रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. वेळेवर जंतनाशक पाजावे.

माजावर आणण्याचे इंजेक्शन परस्पर देऊ नये. प्रोस्टाग्लँडिन बीजांडावर पीतपिंड असेल, तरच काम करते. गाय आधीच गाभण असेल, तर त्याने गर्भपात होऊ शकतो. त्यामुळे आधी तपासणी, मगच उपचार. व्याल्यानंतर 90 दिवसांपर्यंत माज दिसला नाही किंवा गाय तीन वेळा उलटली, तर दिनदर्शिकेवरील नोंदी घेऊन पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. त्या तारखा पाहून दोष गाईत आहे की वेळ चुकते आहे, याचा अंदाज येतो.