स्वस्त गेमिंग पीसीची दहा वर्षं

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवायचा म्हटलं की एक ठरलेला सल्ला मिळतो: निम्मा पैसा ग्राफिक्स कार्डावर टाका, उरलेल्यात बाकीचं भागवा. सल्ला चुकीचा नाही. पण २०१६ ते २०२५ या दहा वर्षांचा हिशेब मांडला, तर तो अपुरा मात्र ठरतो. या काळात ज्या मशिनींचा पैसा खऱ्या अर्थाने वसूल झाला, त्या खरेदीच्या दिवशी सगळ्यांत वेगवान होत्याच असं नाही. त्यांचं वैशिष्ट्य वेगळं होतं. त्यांतला एखादा भाग मागे पडला, की तो एकटा काढून नवा बसवता येत होता. म्हणून बजेट तोकडं असताना पहिला प्रश्न वेगाचा नसतो. कोणता भाग पुढे सुटा बदलता येईल आणि कोणता बदलायला गेलं की त्याच्याबरोबर दुसराही बदलावा लागेल, हे आधी पाहायचं असतं.

२०१७ साल हा याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. त्या वर्षीच्या चाचण्यांत इंटेलचा चार कोअरचा आय५-७६००के बऱ्याच गेममध्ये एएमडीच्या रायझन ५ १६०० च्या पुढे होता. रायझनला सहा कोअर आणि बारा थ्रेड होते, पण तेव्हाचे गेम ते पुरेपूर वापरत नव्हते. त्या दिवसापुरता आय५ घेणारा बरोबरच होता. मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, तरी जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालेना. दुसरीकडे, एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या २०१७ मधल्या बी३५० बोर्डांपैकी अनेकांवर बायोस अपडेट करून २०२२ चे रायझन ५ ५६०० आणि ५८००एक्स३डी बसले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा हा फरक आणखी ठळक झाला. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलकडे मुख्यतः आठव्या पिढीपासून आणि एएमडीकडे रायझन २००० पासून सुरू होते, त्यामुळे २०१७ चे हे दोन्ही प्रोसेसर तिच्या बाहेर राहिले. एएम४ वाल्याचं काम एक प्रोसेसर बदलून भागलं. आय५ वाल्याने त्याच बोर्डावर जुना आय७-७७०० बसवला, तरी तोही सातव्याच पिढीचा. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही काढणं आलं.

यावर आक्षेप असा, की एएम४ चं दीर्घायुष्य हा नशिबाचा भाग होता. त्यात तथ्य आहे. मे २०२० मध्ये खुद्द एएमडीनेच पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत असं सांगितलं, ओरड झाल्यावर माघार घेतली, आणि बी३५० ज्यात मोडतो त्या ३०० मालिकेला अधिकृत परवानगी २०२२ मध्ये दिली. पण २०१७ चा ग्राहक पूर्ण अंधारात नव्हता. हे सॉकेट २०२० पर्यंत चालवू असं एएमडीने जाहीर केलं होतं, आणि एका सॉकेटवर साधारण दोन पिढ्या हा इंटेलचा शिरस्ताही सगळ्यांना ठाऊक होता. खात्री कुठेच नव्हती, कल मात्र दिसत होता.

दुसरा पुरावा ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा. रॅमची दुसरी स्टिक नंतर लावता येते, व्हीरॅम मात्र कार्डावर कायमची डकवलेली असते. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड २४९ डॉलरना आलं, ३ जीबीचं १९९ ला. नाव एकच, पण स्वस्त कार्डात मेमरी निम्मी आणि कोअरही कमी. वाचलेल्या ५० डॉलरची किंमत काही वर्षांतच कळली. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० टीआयच्या बाबतीत तेच झालं. चिप तीच, ८ जीबीचं कार्ड ३९९ ला आणि १६ जीबीचं ४९९ ला. त्याच वर्षी पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ने ८ जीबीवाल्यांची सुरुवातीला चांगलीच दमछाक केली. सेटिंग खाली आणलं की भागतं, असं यावर म्हटलं जातं. भागतं हे खरं. पण मेमरी पुरेशी असेल तर टेक्स्चर उंच ठेवल्याने फ्रेमरेट फारसा घटत नाही. साध्या चिपवर सर्वांत स्वस्तात मिळणारं देखणेपण तेच असतं, आणि मेमरीत काटकसर केली की आधी तेच हातचं जातं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बाजारच फिरला तर हे सगळे आडाखे काय कामाचे? २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंग आणि चिपटंचाईमुळे कार्डांचे भाव आकाशाला भिडले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद होण्याच्या सुमारास ते जमिनीवर आले. त्या काळात रायझन ५ ५६००जी घेऊन, कार्डाशिवाय, आतल्या ग्राफिक्सवर कमी सेटिंगमध्ये गेम खेळत थांबणाऱ्यांचं नुकसान सर्वांत कमी झालं. धीर सुटलेल्यांनी ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी घेतलं. त्याला पीसीआयई लेन चारच, त्यामुळे पीसीआयई ३ च्या जुन्या बोर्डावर ते आणखी रखडलं. पण नियमाची दुसरी बाजूही आहे. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम कडाडली, आणि दुसरी स्टिक सवडीने घेऊ म्हणणाऱ्यांना तिची जबर किंमत मोजावी लागली. थांबता येणं ही सोय आहे, भावाची हमी नाही. म्हणून थांबायचंच असेल तर कार्डासाठी थांबावं, कारण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर त्याच्याशिवायही मशीन चालू राहते. रॅम मात्र सुरुवातीलाच दोन स्टिकमध्ये घ्यावी. आतल्या ग्राफिक्सला तर ड्युअल चॅनेलचा मोठाच आधार असतो.

भारतातल्या ग्राहकाला हा हिशेब जास्त लागू पडतो. २०१६ च्या मध्यावर डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा २४९ डॉलर म्हणजे सुमारे १६,७०० रुपये. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आलं ते २९९ डॉलरना, म्हणजे ८५ च्या दराने सुमारे २५,४०० रुपये, आणि वर १८ टक्के जीएसटी. डॉलरमध्ये २० टक्के वाढ, रुपयांत ५० टक्क्यांहून जास्त. चुकीचा भाग दुसऱ्यांदा विकत घेण्याची चैन इथे परवडत नाही.

म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असो की ऑनलाइन, कोटेशन हातात आलं की हात कुठे आखडायचा ते या क्रमाने ठरवावं. कॅबिनेट साधं चालेल, आरजीबी दिवे नकोत, एसएसडी आधी ५०० जीबीची पुरे. पण कॅबिनेटबरोबर फुकट येणारा ‘४५० वॅट’चा एसएमपीएस घेण्याआधी त्याच्या बाजूचं लेबल वाचावं. १२ व्होल्टच्या रकान्यात २० अँपिअर लिहिले असतील, तर प्रोसेसर आणि कार्डाच्या वाट्याला २४० वॅटच येतात. असा एसएमपीएस पुढच्या प्रत्येक कार्डाची वाट अडवतो. वाचलेला पैसा एसएमपीएस, बोर्डाचं सॉकेट आणि कार्डाची मेमरी या तीन ठिकाणी घालावा. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तरी चालेल, तो दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर बदलता येईल.